टाकीचा दर आणि पायांची जाणीव

साखऱ्यात जुलै उजाडला की पाठीवरचे पंप माळ्यावरून खाली येतात. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्याचं हे गाव सोयाबीन, तूर आणि कपाशीचं. विहिरीला पाणी टिकतं तिथे हळद. पेरणी उगवली की आधी तणनाशक. मग सोयाबीनवर खोडमाशी, चक्रीभुंगा आणि पाठोपाठ पानं खाणाऱ्या अळ्या. कपाशीवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि शेवटी गुलाबी बोंडअळी. हळदीला कंदमाशी. एका पिकाची फवारणी उरकते तोवर दुसऱ्याची निघते आणि दिवाळीपर्यंत हे काम संपत नाही.

ज्याला स्वतः पंप उचलणं होत नाही, तो टाकीच्या बोलीवर माणूस लावतो. अशी कामं घेणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. गावातले लहानथोर त्यांना मामा म्हणतात. इथेही तेच म्हणू. घरची जमीन थोडी, तीही हलकी. लग्न झालं त्या सालापासून ते दुसऱ्याच्या शेतात औषध मारतात. आधी हाताने दांडा मारायचा पंप होता, मग चार्जिंगचा आला, मग पेट्रोलचा. डबा उघडला की वासावरून ते औषध ओळखतात. क्विनॉलफॉसचा वास वेगळा, डायमिथोएटचा वेगळा, प्रोफेनोफॉस तर बांधावरूनच कळतं, असं ते सांगतात. या माहितीचा त्यांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे. इतकी वर्षं केलेल्या कामाची ती कमाई आहे.

त्यांचं काम जवळून पाहावं. टाकी भरताना बाटलीचं टोपण हेच माप. बादलीत आधी कीटकनाशक पडतं, मग बुरशीनाशक, मग दुकानदाराने ‘यासोबत हेही घ्या’ म्हणून दिलेलं टॉनिक, कधी विद्राव्य खतही. काडी हाताशी असली तर काडीने ढवळायचं, नसली तर हाताने. झाकणाचं वायसर झिजलेलं असतं. पंप पाठीवर घेऊन वाकलं की झाकणाखालून एक धार पाठीच्या कण्यावरून उतरते आणि कमरेच्या नाडीपाशी साठते. दोन टाक्या होईपर्यंत चड्डी ओली. नोजल तुंबलं तर काढायचं, तोंडाने फुंकायचं, पुन्हा बसवायचं. बांधावर टेकलं की चुना-तंबाखू त्याच तळहातावर मळायचा. हे सगळं उन्हात, कारण दर टाकीमागे असतो. सकाळच्या गारव्यात दोन तास काम करून थांबणाऱ्याला कोणी दिवसाची हजेरी देत नाही.

कमरेपाशी साठणाऱ्या त्या धारेविषयी १९७१ साली हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसाच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी लावलं तर त्यातलं किती आत जातं, ते त्यांनी मोजलं. हाताच्या पुढच्या भागावर लावलेल्यापैकी नऊ टक्क्यांच्या आतबाहेर शरीरात गेलं. कपाळावरून एक तृतीयांशाहून जास्त, काखेतून सुमारे दोन तृतीयांश. आणि अंडकोषाच्या त्वचेवरून जवळजवळ सगळं. फवारणी करणारे तोंडाला रुमाल बांधतात, कारण विष नाकातून जातं असं सगळ्यांना वाटतं. नाकातून जातंच; पण उघड्यावरच्या फवारणीत मोठा वाटा त्वचेतून जातो, आणि सर्वात जास्त शोषून घेणारी जागा म्हणजे ओल्या चड्डीखालची.

औषध लागणं ही गोष्ट या भागात नवी नाही. ‘लागलं’ या एका शब्दात सगळं येतं: डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला पाणी सुटणं, घामाने अंग निथळणं, उलट्या, पोटात मुरडा, छाती भरून येणं. क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं. आपल्या नसांच्या टोकांशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन निरोप पोचवतं आणि काम झालं की एक विकर ते लगेच मोडून टाकतं. ही औषधं त्या विकरालाच जायबंदी करतात. निरोप थांबत नाही, ग्रंथी स्रवत राहतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी थकून लुळे पडतात. किडा मरतो तो याच मार्गाने. माणसाच्या शरीरातलं यंत्रही तेच आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, हवेत दमटपणा होता, पेट्रोलच्या पंपांतून धुकं उडत होतं आणि माणसं त्या धुक्यातून चालत होती. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात भरती झाले. अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ शेतकऱ्यांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. ती ‘पोलो’ या कीटकनाशकाबद्दल होती आणि त्यात स्नायूंच्या व मज्जासंस्थेच्या त्रासांचाही उल्लेख होता. कंपनीने जबाबदारी नाकारली. पोलोमधलं डायफेन्थियुरॉन हे ऑर्गॅनोफॉस्फेट नाही, हेही इथे सांगायला हवं. फवारणीतली सगळी विषं एकाच रीतीने वागत नाहीत.

मामांनाही एका हंगामात औषध लागलं होतं. यवतमाळच्या आधीची गोष्ट. कपाशीत दुपारी भोवळ आली, बैलगाडीतून घरी आणलं, रात्रभर एका खासगी दवाखान्यात सलाईन आणि इंजेक्शनं चालली. सकाळी तोंड कोरडं पडलेलं, डोळ्यांना अंधुक दिसत होतं. ते ॲट्रोपिन या उताऱ्याच्या इंजेक्शनामुळे असणार. तिसऱ्या दिवशी ते चालत घरी आले आणि आठवड्याने पुन्हा पंप पाठीवर घेतला. घरच्यांच्या मते दुखणं तिथे संपलं.

वैद्यकशास्त्राच्या मते अशा वेळी दुखणं तिथे संपलंच असेल असं सांगता येत नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या निमल सेनानायके आणि लक्ष्मण करल्लिएड्डे या डॉक्टरांनी दाखवून दिलं की पहिला झटका ओसरल्यावर, एक ते चार दिवसांत, काही रुग्णांची मान उचलेनाशी होते, खांदे-मांड्यांतली ताकद जाते आणि श्वासाचे स्नायूही ढेपाळतात. पेशंट बरा झाला म्हणून घरी पाठवावा आणि तो वाटेत गुदमरावा, असं होऊ शकतं. या मधल्या टप्प्यानंतर आणखी एक टप्पा आहे आणि तो याहून गुपचूप येतो. दोन-तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे येऊ लागतात, तळपायांना मुंग्या येतात, मग पाऊल उचलताना बोटं जमिनीला घासतात. तोवर सलाईनची आठवणही मागे पडलेली असते. यात पहिल्या झटक्यातल्या विकराचा संबंध नाही. वेगळंच एक विकर, न्यूरोपॅथी टार्गेट एस्टरेज, बिघडतं आणि लांब नसांच्या टोकाकडचे धागे झडू लागतात. ॲट्रोपिन इथे काहीही करू शकत नाही. सगळी ऑर्गॅनोफॉस्फेटं हे करत नाहीत, सगळ्यांना ते होत नाही, आणि क्लोरपायरीफॉससारख्या औषधांत ते बहुधा जीवघेण्या विषबाधेनंतरच दिसलेलं आहे.

पायांनाच आधी का, याचं उत्तर लांबीत आहे. पाठीच्या कण्यापासून अंगठ्यापर्यंतची नस जवळपास मीटरभर असते आणि तिच्या टोकाला लागणारं बहुतेक सगळं तिच्या मुळाशी असलेल्या पेशीत तयार होऊन पुढे सरकत जातं. पुरवठा बिघडला की कालव्याच्या टोकाचं शेत आधी वाळतं, तसे आधी अंगठे बधिर होतात. मग तळवे, मग घोटे. बधिरपणा गुडघ्यांकडे चढेपर्यंत हाताच्या बोटांचीही पाळी येते. डॉक्टर याला मोजे-हातमोज्यांचा नमुना म्हणतात. तुटलेला धागा पुन्हा वाढू शकतो, पण दिवसाला साधारण मिलिमीटरभर, तेही मूळ पेशी जिवंत असेल तर.

मामांच्या पायांचं नेमकं कधी सुरू झालं ते त्यांना सांगता येत नाही. त्यांच्या घरच्या बाईंना येतं. “ह्यांची चप्पल आंगणात पडलेली असायची अन् हे घरात येऊन बसलेले,” त्या सांगतात. “म्या म्हणलं, आवं, एका पायात चप्पल हाय, एकात न्हाई. तर म्हणले, आसं का?” चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, ही बधिर पायांची अगदी नेमकी खूण आहे. शहरात बूट घालणाऱ्यांना ती मिळत नाही. नंतर रात्री तळपायांची आग होऊ लागली. अंधारात वावरात जाताना तोल जाऊ लागला. उजेडात डोळे सावरून घेतात, अंधारात पायांना जमीन कळावी लागते. शेवटी एकदा विहिरीवरच्या फरशीने तळव्याला चिरलं आणि रक्ताचे डाग पाहून मुलाने विचारलं तेव्हा त्यांना समजलं.

पुढची दोन वर्षं जशी गेली तशी खेड्यातल्या पायाच्या दुखण्याची जातातच. एकाने कमरेची शीर दबली म्हणून सांगितलं, एकाने वाताचं औषध दिलं, एकाने लाल रंगाची इंजेक्शनं टोचली. प्रत्येक ठिकाणी केसपेपरवर नाव, वय, गाव आणि ‘पाय दुखणे’ लिहिलं गेलं. काम काय करता, हे कोणी विचारलं नाही. मामांनीही सांगितलं नाही. गावात जो तो शेतीच करतो, त्यात वेगळं सांगण्यासारखं काय, असं त्यांना वाटलं.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात म्हटलं की रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत आणखी एक घाला: तुम्ही धंदा कोणता करता? तीन शतकं उलटून गेली. आपल्या दवाखान्यांतल्या केसपेपरवर त्या प्रश्नाला अजून रकाना नाही.

गोष्ट पुढे सरकली ती गावातल्या आशाताईंमुळे. त्या आल्या होत्या कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत, घरोघर. मामांच्या तळव्यावरची न दुखणारी जखम पाहून त्या थबकल्या. बधिर पाय आणि न दुखणारी जखम म्हटलं की आधी कुष्ठरोगाची शंका घ्यायची, हे प्रशिक्षणात त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि महाराष्ट्रात ते बरोबरच आहे. त्यांनी अंगावर चट्टा शोधला, कोपराजवळची आणि गुडघ्याबाहेरची नस जाड झाली आहे का ते पाहायला दवाखान्यात पाठवलं. तसं काही निघालं नाही. साखर तपासली, काठावर, पण मधुमेह म्हणावा इतकी नाही. दारू? मामा माळकरी आहेत, पंढरीची वारी चुकवत नाहीत. क्षयाची औषधं कधी घेतली होती का, हेही विचारलं गेलं, कारण आयसोनियाझिड या गोळीने नसा बधिर होतात आणि म्हणून तिच्यासोबत ब-६ जीवनसत्त्व देतात. घेतली नव्हती. ब-१२ मात्र कमी निघालं. माळकरी माणूस, मांस-अंडी वर्ज्य, दूध विकायला जातं, कमी निघणारच.

ब-१२ ची इंजेक्शनं झाली. तळव्यांची आग बरीच कमी झाली, अंगठ्यांचा बधिरपणा तसाच राहिला. मग नांदेडला मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जाणं झालं. त्यांनी थरथरणारा चिमटा, ट्यूनिंग फोर्क, अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, “थरथर कळते का?” कळत नव्हती. घोट्यावर कळत नव्हती. गुडघ्यावर कळली. डोळे मिटायला सांगून त्यांनी अंगठा वर-खाली केला. कुठे आहे ते मामांना ओळखता आलं नाही. विजेचे सौम्य झटके देऊन नसांचा वेग आणि जोर मोजणारी तपासणी झाली. पायांच्या नसांचे धागे कमी झाले आहेत असा निकाल आला.

याच डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, “मामा, काम काय करता?”

“फवारणी.”

“कोणती औषधं?”

मामांनी नावं सांगायला सुरुवात केली. कंपन्यांची नावं, डब्यांचे रंग, कोणतं कोणत्या पिकाला, कोणतं आता मिळत नाही. डॉक्टर लिहीत गेले. एक पान भरलं. शेवटी मामांनी सरळ विचारलं, “हे फवाऱ्यामुळंच झालं ना डॉक्टरसाहेब?” उत्तर तितकंच सरळ होतं. “औषधामुळेच झालं असं मला लिहून देता येणार नाही. औषधाचा संबंध नाही असंही मी लिहिणार नाही. ब-१२ कमी होतं हे खरं. तुम्हाला एकदा विषबाधा झाली होती हेही खरं. आणि इतकी वर्षं अंगावर घेतलंत, तेही खरं. पंप आता खाली ठेवा.”

त्या उत्तरात टाळाटाळ नव्हती. रसायनं आणि नसा यांच्या संबंधाची जगातली ठळक उदाहरणं पाहिली तर ती सगळी एका साच्यातली आहेत. १९३० मध्ये अमेरिकेत दारूबंदीच्या काळात ‘जमैका जिंजर’ नावाच्या अर्कात ट्रायक्रेसिल फॉस्फेट मिसळलं गेलं आणि हजारो माणसांचे पाय लुळे पडले. १९५९ मध्ये मोरोक्कोच्या मेकनेस भागात खाण्याच्या तेलात विमानाच्या इंजिनाचं वंगण मिसळून विकलं गेलं. सुमारे १०,००० लोकांना बाधा झाली. १९८८ मध्ये कोलकात्याच्या बेहालात भेसळीच्या तेलाने शेकडो माणसं अपंग झाली. श्रीलंकेत सेनानायके आणि जयरत्नम यांनी १९८१ मध्ये तमिळ मुलींची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी सुरू झाल्यावर मुलीला कच्चं तिळाचं तेल पाजायची तिथे रीत होती आणि त्याच तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट होतं. वयात येण्याचा सोहळा झाला आणि काही आठवड्यांत मुलींची पावलं लोंबू लागली. वाचताना अंगावर काटा येतो. चपला आणि चामड्याच्या कामातल्या गोंदात असणाऱ्या एन-हेक्झेन या द्रावकानेही इटली-जपानपासून चीनपर्यंत कामगारांच्या नसा खराब झाल्या. तिथेही एकच खोली, एकच द्रावण, एकाच बाकावरची माणसं.

एकाच वेळी पुष्कळ लोक, सगळ्यांना तेच दुखणं, आणि मागे एकच बाटली. अशा ठिकाणी कारण सापडतं. साखऱ्याच्या शिवारात यातलं काहीच नाही. बाटल्या शेकडो, एका टाकीत तीन-तीन मिसळलेल्या, वीस-पंचवीस वर्षांत पसरलेल्या. कमीअधिक दूषित पाणी, अर्धपोटी आहार, ब-१२, साखर, सगळं त्यातच मिसळलेलं. आणि माणसं एकेकटी, वेगवेगळ्या दवाखान्यांत, वेगवेगळ्या वर्षी.

म्हणून मोठे अभ्यासही इथे अडखळतात. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ पासून फवारणी करणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा एक अभ्यास चालू आहे. सुमारे ८९,००० लोक त्यात आहेत. त्यातल्या १८,००० हून अधिक फवारणी करणाऱ्यांच्या तक्रारी २००५ मध्ये तपासल्या तेव्हा, आयुष्यभरात ज्यांनी कीटकनाशकं जास्त वापरली त्यांच्यात डोकेदुखी, चक्कर, हातापायांचा बधिरपणा अशा तक्रारीही जास्त आढळल्या, आणि ऑर्गॅनोफॉस्फेटांशी हा संबंध ठळक होता. २०१२ मध्ये त्यांच्यातल्याच सातशेच्या आसपास पुरुषांच्या नसा यंत्राने तपासल्या. बहुतेक मोजमापांत फारसा फरक दिसला नाही. अंगठा कुठे आहे हे ओळखण्याच्या जाणिवेत मात्र काही औषधांशी संबंध दिसला. हे वाचून कोणी म्हणेल की म्हणजे काही सिद्ध झालं नाही. पण ते शेतकरी परवानाधारक आहेत, ट्रॅक्टरने फवारतात आणि त्यांना प्रशिक्षण मिळालेलं आहे. पाठीवरून गळणारा पंप घेऊन ओल्या चड्डीत उभा राहणारा माणूस त्या अभ्यासात नाही. त्याच्या नसा मोजल्याशिवाय त्याला धोका नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि मोजण्याची तरतूद आपल्याकडे कागदावर आहे. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१ चे नियम सांगतात की कीटकनाशकं हाताळणाऱ्यांची, फवारणीवर असणाऱ्यांचीही, कामाला लावण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने डॉक्टरकडून तपासणी व्हावी. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या कारखान्यातल्या कामगारांच्या रक्तातल्या ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकराची पातळी दर महिन्याला पाहावी असंही त्यात आहे. संरक्षक कपडे, हातमोजे, श्वसनाची साधनं, प्रशिक्षण, सगळं आहे. कॅलिफोर्नियात शेतावरच्या कामगारांचं असं रक्त १९७४ पासून तपासलं जातं आणि पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की त्या माणसाला काही काळ फवारणीपासून दूर ठेवतात. साखऱ्यात टाकीच्या बोलीवर काम करणाऱ्याचा मालक दर दिवशी वेगळा. त्याची ही तपासणी कोणी करायची? नियम लिहिताना कारखाना आणि मोठी कंत्राटं डोळ्यांपुढे होती. एका शेतातून दुसऱ्या शेतात पंप घेऊन फिरणारा माणूस नव्हता.

बंदीचं गाडं हळू का होईना पुढे गेलं आहे. अनुपम वर्मा समितीच्या शिफारशींनंतर केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदी जाहीर केली. ट्रायझोफॉस, फोरेट, डायक्लोरव्हॉस यांसारखी काही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. ट्रायझोफॉस चक्रीभुंग्यासाठी सोयाबीनवर सर्रास मारलं जायचं, मामांच्या पानभर यादीत ते वरच्या ओळींत आहे. मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी २००५ पासूनच बंदी होती. बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेच्या जेवणात तेच मिसळलं जाऊन २३ मुलं गेली. तरी त्याचं नेहमीचं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करण्याचा आदेश निघायला २०२३ उजाडलं.

डब्यावरचा त्रिकोण आता आशाताई गावात समजावून सांगतात. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. पिवळा त्रिकोण मध्यम असेल असं पुष्कळांना वाटतं. शेतातली बरीचशी ऑर्गॅनोफॉस्फेटं त्याच रंगात येतात. त्यांनी एक साधी वही घातली आहे. फवारणीच्या दिवसांत कोणाला काय लागलं, कोणतं औषध होतं, पंप गळत होता का, आणि दोन-तीन आठवड्यांनी पायांचं काय, हे त्या लिहून ठेवतात. डबा किंवा त्यावरचं लेबल फेकू नका, दवाखान्यात सोबत न्या, असा त्यांचा आग्रह असतो. तो अगदी योग्य आहे; विष कोणतं हे कळलं तर पहिल्या तासांतला उपचार बदलतो, आणि महिन्याने पाय बधिर झाले तर निदान कुठे पाहायचं ते समजतं.

त्या वहीत हळूहळू बायकांची नावं येऊ लागली. फवाऱ्याला पाणी वाहून आणणाऱ्या बाया, कालच फवारलेल्या सोयाबीनमध्ये खुरपायला बसलेल्या बाया, कपाशी वेचून बोटं चरचरणाऱ्या बाया. मामांच्या घरच्या बाईंनी इतकी वर्षं फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांसोबत हाताने धुतले. त्यांच्या बोटांनाही मुंग्या येतात. ते फवाऱ्यामुळे की नाही हे त्यांच्याबाबतीतही सांगता येणार नाही. पण फवारणी करणारा म्हणून कोणत्याही यादीत त्यांचं नाव कधीच येणार नाही, हे सांगता येतं, आणि तो दोष साधा नाही.

मामांनी पंप खाली ठेवला आहे. अंगठ्यांची जाणीव आलेली नाही, तोल थोडा सावरला आहे. रोज रात्री तळपाय आरशात पाहून जखम नाही ना ते ते तपासतात आणि घरातही चप्पल पट्टीने घट्ट बांधून वावरतात. पंप आता धाकट्या मुलाच्या पाठीवर आहे. मामा त्याला बांधावरून सूचना देतात: नवं वायसर टाक, वाऱ्याच्या पाठीने चाल, नोजल तोंडात घालू नकोस, कमरेखाली प्लास्टिकचा कागद गुंडाळ, घरी आलास की आधी अंघोळ. मुलगा बहुतेक ऐकतो. अकरा वाजले की थांब, ही एक सूचना मात्र तो पाळू शकत नाही, कारण थांबला तर टाक्या कमी आणि पैसे कमी.

म्हणून या हंगामाआधी मुलगा आणि त्याच्यासोबतचे फवारणीवाले शेतकऱ्यांशी वेगळी बोली करू पाहताहेत. टाकीमागे पैसे नकोत, दिवसाची हजेरी द्या; सकाळी लवकर सुरू करू, ऊन चढलं की थांबू, उरलेलं दुसऱ्या दिवशी. हातमोजे आणि पंपाची दुरुस्ती शेतमालकाच्या खर्चाने. काही शेतकरी तयार झाले आहेत. त्यांतल्या दोघांना स्वतःला पूर्वी औषध लागलं होतं. बाकीचे म्हणतात, अळी दिसली की दोन दिवसांत सगळं रान झालं पाहिजे, हजेरीवर काम रेंगाळेल. आशाताई दोन्ही बाजूंशी बोलताहेत. सोयाबीनची पेरणी होईपर्यंत दर ठरायला हवा आहे.